नवरा विचारतो, "हे काम आहे की माहिती?" : आमच्यासारख्या घराला थेरपिस्ट कसा शोधावा?

मुलुंडकरीण

बरेच महिने वाचनमात्र होते, आज धीर करून धागा काढतेय. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

लग्नाला ११ वर्षं झाली. मुलुंड पूर्वेला वन बीएचके, त्यात आम्ही दोघं, ८ वर्षांची लेक आणि सासूबाई. दीड वर्षापूर्वी शाळेने लेकीची तपासणी करून घ्या म्हणून सांगितलं. डॉक्टरीणबाई एकेक विचारत होत्या. कपड्यांची लेबलं टोचतात का? ठरलेला बेत ऐनवेळी बदलला तर काय होतं? रोज एकच पदार्थ चालतो का? नवरा शेजारी बसून हळूच म्हणाला, "हे सगळं मलापण होतं." मला हसू आलं. परत येताना रिक्षात ते मावळलं. पुढच्या सहा-सात महिन्यांत लेकीचं निदान झालं (ऑटिझम आणि एडीएचडी दोन्ही), मग त्याचं (ऑटिझम, वय ४१) आणि शेवटी माझं (एडीएचडी, वय ३८). नवीन वाचणाऱ्यांसाठी: दोन्हींत मेंदूची घडणच वेगळी असते. ढोबळमानाने, ऑटिझममध्ये आवाज-स्पर्श, अचानक बदल आणि आडून बोललेलं जड जातं, एडीएचडीत लक्ष टिकवणं आणि लक्षात ठेवणं. घरात सासूबाई तेवढ्या सुटल्या.

आता मुद्दा. या सगळ्याच्या आधी आम्ही एका ठिकाणी कपल काउन्सेलिंगला जायचो. कुठे ते सांगत नाही, बाई वाईट नव्हत्या. पण दर सेशनला व्हायचं ते असं. त्या नवऱ्याला विचारायच्या, "तुमच्या बायकोच्या मनात आत्ता काय चाललं असेल?" तो म्हणायचा, "मला कसं कळणार? ती इथेच बसलीय, तिला विचारा." त्या वहीत काहीतरी लिहायच्या. मी रडायला लागायचे. घरचा अभ्यास म्हणून रोज रात्री २० मिनिटं समोरासमोर बसून मनातलं बोलायचं होतं. त्याने फोनवर ९ चा गजर लावला. ठोक्याला ९ वाजता समोर येऊन उभा, "सुरू करूया?" आणि मी रोज विसरलेली, अर्धी पोळी तव्यावर. सात सेशननंतर निष्कर्ष निघाला की नवरा भावनिकदृष्ट्या अलिप्त आहे आणि मी नात्याबद्दल गंभीर नाही. ज्या माणसाने सात आठवडे एक दिवस गजर चुकवला नाही तो अलिप्त!

निदानानंतर दादरला दुसऱ्या थेरपिस्ट मिळाल्या. फरक पहिल्या भेटीच्या आधीच कळला. त्यांनी व्हॉट्सॲपवर एक छोटा फॉर्म पाठवला: ट्यूबलाइट त्रास देते का, पंख्याचा आवाज चालतो का, बोलण्याऐवजी लिहिलेलं सोपं जातं का, समोर बसायचं की बाजूला. नवऱ्याने तो फॉर्म तीनदा वाचला. म्हणाला, "मला आजवर हे कोणी विचारलंच नाही." आता त्याला आदल्या संध्याकाळी उद्या काय बोलायचं त्याचे तीन मुद्दे लेखी येतात. मला सकाळी एक आणि तासभर आधी एक आठवण येते, आणि १० मिनिटं उशीर झाला तर त्यातून माझ्या स्वभावाचं विश्लेषण होत नाही. संध्याकाळी सहाची वेळ आम्ही सोडली, कारण दादर स्टेशनच्या पुलावरून फूलबाजाराकडे उतरेपर्यंतच तो संपलेला असायचा. शनिवारी सकाळी साडेआठला जातो.

एक उदाहरण देते म्हणजे कळेल. मी ओट्याकडे बघून म्हणते, "बघ ना, किती पसारा झालाय." तो येतो, बघतो, म्हणतो, "हो." आणि जातो. यावरून आमची वर्षानुवर्षं भांडणं झाली आहेत, माझ्या आईपर्यंत गेली आहेत. थेरपिस्टनी दोघांची बाजू कागदावर लिहून काढली. मी विनंती केली होती, त्याने ती माहिती म्हणून ऐकली. त्याच्या मते त्याने बायकोचं बोलणं ऐकलं, उठून आला, सहमत झाला. आणखी काय हवं? मग ठरलं की मी शक्यतो सरळ सांगायचं, "भांडी घासून टाक." आणि सुस्कारा टाकून मी काही बोलले की त्याने विचारायचं, "हे काम आहे की माहिती?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा मला संताप आला. आता लेकसुद्धा आजीला विचारते.

तर प्रश्न दोन. एक, मुंबईत असे थेरपिस्ट तुम्ही कसे ओळखलेत? मैत्रिणी विचारतात आणि मी फक्त आमच्याच बाईंचं नाव सांगू शकते, त्यांच्याकडे तीन महिन्यांची यादी आहे. दोन, पुढच्या महिन्यात सासूबाईंसकट कुटुंबाचं सेशन आहे. त्यांचं म्हणणं, "माझ्या पोराला काही झालेलं नाही, त्याचे बाबाही असेच होते." (गंमत म्हणजे या पंचाहत्तरीतही चटणी पाट्यावर वाटतात, कारण मिक्सरचा आवाज "डोक्यात जातो".) त्यांना कसं तयार करू?

गिरगावकर

मुलुंडकरीणताई, राग मानू नका, पण हल्ली जो तो कसलं ना कसलं लेबल लावून घेतो. आमच्या चाळीत एक काका होते. चर्चगेट ते विरार प्रत्येक गाडीची वेळ तोंडपाठ. रोज त्याच पायरीवर बसायचे, दुसरं कोणी बसलं तर कासावीस व्हायचे. आम्ही पोरं त्यांना टाइमटेबल काका म्हणायचो. कोणी थेरपीला नेलं नाही. चाळीने सांभाळून घेतलं. पूर्वी कुठे होतं हे सगळं?

स्लोलोकल

काका, प्रामाणिक कुतूहल म्हणून विचारतो. त्या काकांचं लग्न झालं होतं का? नोकरी होती? नंतर त्यांचं काय झालं?

चाफा

याच क्षेत्रात आहे, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणून नाव गुप्तच ठेवते. वेळ मिळेल तसं लिहिते.

ताई, तुमच्या पहिल्या काउन्सेलरची बाजू घेत नाही, पण त्या तसं का वागल्या ते सांगते. आम्ही शिकलो तेव्हा ऑटिझम हा लहान मुलांचा विषय होता, तोही बहुतेक मुलग्यांचा. जोडप्यांसाठी जे काही शिकवलं गेलं त्यात दोघांनाही चेहरा वाचता येतो, आडून बोललेलं समजतं आणि 'कसं वाटतंय' याचं उत्तर तोंडावर असतं, हे धरूनच चाललं होतं. शिवाय २०१३ मध्ये डीएसएम-५ (निदानासाठी वापरतात ती अमेरिकन पुस्तिका) येईपर्यंत अमेरिकन नियमानुसार एका माणसाला ऑटिझम आणि एडीएचडी अशी दोन्ही निदानं देताच येत नव्हती. तुमची लेक थोडी आधी जन्मली असती तर कागदावर तिला दोहोंपैकी एकच मिळालं असतं.

'ऑटिस्टिक माणसाला दुसऱ्याचं मन कळत नाही' हे वाक्य तर आमच्या पाठ्यपुस्तकातलंच. त्यावर डेमियन मिल्टन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने (ते स्वतः ऑटिस्टिक आहेत) २०१२ मध्ये साधा प्रश्न केला: इतरांना तरी ऑटिस्टिक माणसाचं मन कुठे कळतं? मग कमतरता एकाचीच कशी? याला 'डबल एम्पथी प्रॉब्लेम' म्हणतात. एडिनबर्गच्या संशोधकांनी २०२० मध्ये चक्क कानगोष्टी खेळवल्या. आठ-आठ जणांच्या साखळ्या, एक गोष्ट पुढे पुढे सांगायची. सगळे ऑटिस्टिक असलेली साखळी आणि एकही नसलेली साखळी सारखीच चांगली निघाली. गोष्ट जास्त गळली ती मिश्र साखळीत. नंतरच्या मोठ्या प्रयोगात माहिती पोचण्यात तिन्ही प्रकारांत फरक दिसला नाही, त्यामुळे विषय मिटलाय असं मी म्हणणार नाही. पण ऑटिस्टिक माणसं आपापसात कमी पडतात असं दोन्ही वेळा दिसलं नाही. तुमच्या ओट्यापुढचं भांडण म्हणजे घरातली मिश्र साखळीच की!

थेरपीत काय बदलायचं हे काही गूढ नाही. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेची ऑटिस्टिक प्रौढांसाठीची २०१२ ची मार्गदर्शिका आहे, तिच्यात लिहिलंय: लेखी आणि चित्रांची मदत जास्त घ्या, नियम स्पष्ट सांगा, रूपकं आणि 'समजा असं झालं तर' छापाचे प्रश्न कमी करा, मध्ये विश्रांती द्या, माणसाला ज्या विषयात रस आहे तो कामात वापरा. म्हणजे तुमच्या दादरच्या बाई काही जगावेगळं करत नाहीयेत.

फोनवर काय विचारावं? मी तर मैत्रिणींना एवढंच सांगते, विचारा: "ऑटिझम किंवा एडीएचडी असलेल्या मोठ्या माणसांबरोबर काम करताना तुम्ही तुमच्या पद्धतीत नेमकं काय बदलता?" समोरून "मी सगळ्यांना सारखंच वागवते" असं आलं तर आभार मानून फोन ठेवा. "डोळ्यात बघून बोलायला शिकवू" आलं तरी ठेवा. आणि होमवर्क विसरलं तर काय करता, हेही विचारा. एडीएचडीवाल्यांसाठी तोच खरा प्रश्न आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्यांची आरसीआयकडे (भारतीय पुनर्वसन परिषद) नोंदणी असते, ती त्यांच्या साइटवर तपासता येते. नुसती 'थेरपिस्ट' पाटी लावायला ती लागत नाही, म्हणून शिक्षण कुठे, सुपरव्हिजन (कामावर अनुभवी थेरपिस्टची देखरेख) कोणाचं हे विचारायला लाजू नका. नोंदणी आहे म्हणून समज आहेच असंही नाही, हे मी माझ्याच लोकांबद्दल सांगतेय.

एक गोष्ट मात्र ठणकावून. नवरा हात उचलत असेल, पैसे अडवून ठेवत असेल, धमकावत असेल तर तो ऑटिझम नव्हे. तिथे 'त्याचा मेंदू वेगळा आहे' म्हणून बायकोला समजूतदारपणाचे धडे देणारा थेरपिस्ट धोकादायक. हे तुमच्याबद्दल नाही, वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहिलं.

मुलुंडकरीण

चाफाताई, हा प्रतिसाद मी छापून फ्रिजवर लावणार आहे. (आणि मग फ्रिजवर लावलाय हे विसरणार आहे.)

स्लोलोकल

मी ३४, विरार, सॉफ्टवेअर टेस्टिंग. ऑटिस्टिक, निदान तीन वर्षांपूर्वी. एकटा जीव आहे त्यामुळे जोडप्याचं सांगता येणार नाही, एकट्याच्या थेरपीचं सांगतो.

पहिला थेरपिस्ट दर वेळी विचारायचा, "कसं वाटतंय?" मी म्हणायचो, "ठीक." चार महिने. त्याला वाटायचं मी लपवतोय. मला खरंच माहीत नसायचं. याला अलेक्झिथायमिया म्हणतात हे नंतर कळलं; पीटर सिफ्निओस नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने १९७० च्या दशकात हा शब्द काढला, भावनेला शब्द न सापडणं अशा अर्थाने. आमच्यापैकी सगळ्यांना नसतं, पण बऱ्याच जणांना असतं. आत्ताची थेरपिस्ट 'कसं वाटतंय' विचारतच नाही. ती विचारते, जबडा आवळलाय का? खांदे कुठे आहेत? सकाळपासून जेवलास का? त्यावरून आम्ही उलटं शोधत जातो. माझ्या बाबतीत जबडा आवळलेला असेल तर राग, पोट बंद पडलं असेल तर भीती. दोन वर्षं लागली हा नकाशा बनवायला.

सीबीटीचाही (विचार तपासून बदलायला शिकवणारी थेरपी) किस्सा ऐका. पहिल्याने तक्ता दिला होता: मनात आलेला विचार लिहा, मग त्याला पुरावा आहे का ते लिहा. मी लिहिलं, "ऑफिसातले लोक मला हसतात." पुरावा? मी तारीखवार १४ प्रसंग लिहून नेले. तो गप्पच झाला. सीबीटी वाईट आहे असं नाही, पण ज्याला खरोखरच आयुष्यभर हसलेत त्याला 'हा तुझा चुकीचा विचार आहे' सांगून काय होणार?

मास्किंग हा शब्द बाहेर खूप गाजतो, त्याचा अर्थ सांगतो. मी ऑफिसात एका सहकाऱ्याचं हसणं उचललंय. कुठल्या विनोदाला किती सेकंद, सगळं. संध्याकाळी विरार फास्टमध्ये तीन माणसांच्या मध्ये उभा असताना ते हसू उतरतं, आणि मग रात्री घरी मी दिवा न लावता बसून राहतो. आईला वाटतं पोरगा नाराज आहे. नाराज नाही, बंद पडलोय. थेरपीत आम्ही मास्क काढण्यावर लगेच उडी नाही मारली, कारण नोकरी त्यावर चालते. कुठे काढणं सुरक्षित आहे याची यादी केली. यादीत आत्ता चार जागा आहेत, त्यात हे ठिकाण एक.

आणि आता सेशन ऑनलाइन, कॅमेरा बंद, अर्धं टाइप करून. तिला चालतं. गणपतीत गल्लीत ढोल-ताशा सुरू झाला की त्या आठवड्याची वेळ ती आपणहून बदलते. आधीचा म्हणायचा, "मुंबईत राहायचं तर सवय करायला हवी." ३४ वर्षं करतोय, झाली की सांगतो.

पिल्लूची आई

मला थोडं वेगळं बोलायचंय आणि ते गोड लागणार नाही.

माझा मुलगा १४ चा आहे. बोलत नाही. टॅबवर चित्रं दाबून सांगतो. रात्री चार तास झोपतो, गेल्या वर्षी कपाळ भिंतीवर आपटून टाके पडले. इथे 'वेगळा मेंदू', 'विविधता' वाचलं की मला वाटतं, हे सगळं ज्यांना लिहिता-बोलता येतं त्यांचं चाललंय. माझ्या पोराला रस्त्याच्या कडेला थांबायला शिकवलं ते आम्ही दोन वर्षं घासून. त्याला कोणी 'ऑटिस्टिक माणसाला बदलायचा प्रयत्न' म्हटलं तर म्हणोत.

आणि थेरपीबद्दल म्हणाल तर आयांचा इतिहास काढा. 'रेफ्रिजरेटर मदर' ऐकलंय? आई थंड होती म्हणून मूल असं झालं, हे १९६७ मध्ये ब्रूनो बेटलहाइमने पुस्तक लिहून घरोघर पोचवलं. त्याच्या तीन वर्षं आधीच बर्नार्ड रिमलँडने, तो स्वतः एका ऑटिस्टिक मुलाचा बाप, हे जैविक आहे असं मांडलं होतं. तरी मला २०१४ मध्ये मुंबईतल्या एका काउन्सेलरने विचारलंय, "प्रेग्नन्सीत तुम्ही टेन्शनमध्ये होता का?"

स्लोलोकल

ताई, रस्त्याच्या कडेला थांबायला शिकवणं आणि हात हलवू नको म्हणून शिकवणं यात फरक आहे. पहिलं जीव वाचवतं. दुसऱ्याने फक्त शेजाऱ्यांना बरं वाटतं. माझे हात लहानपणी पट्टीने 'शांत' केले गेलेत, म्हणून एवढ्या टोकाने बोलतो. तुम्हाला नाही बोललो.

पिल्लूची आई

माहितीय रे. आमचा हात हलवतो, हलवू दे. आनंदात असला की पंख्यासारखे हलवतो. तेव्हाच तर कळतं मला.

चाफा

पिल्लूच्या आई, तुमचं म्हणणं खोडायला काहीच नाही. कपाळ आपटणाऱ्या मुलाचं आधी दात, कान, पोट तपासावं लागतं. जे बोलून सांगता येत नाही ते दुखणं बरेचदा असं बाहेर पडतं. ते झालं असेलच. मला विचारायचं होतं, तुमच्यासाठी कोण आहे? मुलासाठी नव्हे, तुमच्यासाठी?

पिल्लूची आई

मंगळवारी पाऊण तास. तो शाळेत असतो तेव्हा, फोनवर, गच्चीत बसून. ती मला काही शिकवत नाही, एवढंच आवडतं. बाकी सगळे शिकवतात. पहिल्या दिवशी मी विचारलं काय व्यायाम करून घेऊ त्याच्याकडून, तर म्हणाली, "आज तुम्ही दुपारी जेवलात का?"

धाकटी

मी अशा घरांतली तिसरी बाजू, भावंडाची. दादा ३१, ऑटिझम आणि बौद्धिक अक्षमता. मी २६. आम्ही डोंबिवलीला.

लहानपणापासून मी 'शहाणी'. शहाणी म्हणजे जिचं काही नसतं. दादाचं बिनसलं की माझा वाढदिवस पुढे ढकलायचा, आणि मी 'चालेल' म्हणायचे. बीएला असताना माझं वजन उतरलं, झोप उडाली, तेव्हा कॉलेजच्या मॅडमनी थेरपीला पाठवलं. तिथे पहिल्यांदा मी मोठ्याने म्हटलं की मला दादाचा राग येतो आणि मला दादा हवाही आहे. थेरपिस्ट दचकली नाही. एवढंच हवं होतं.

नंतर आई-बाबांबरोबर दोन सेशन केली. विषय एकच: 'आमच्यानंतर?' हा प्रश्न घरात कोणी उच्चारत नव्हतं आणि सगळे माझ्या लग्नाच्या स्थळांवरून भांडत होते. एक स्थळ तर म्हणालं, "भावाची व्यवस्था काय?" व्यवस्था! थेरपिस्टने बाबांना विचारलं, तुम्ही कागद केलेत का? बाबांना वाटत होतं आई-वडील म्हणजे आपोआप पालक. तर नाही, १८ नंतर तो कायद्याने सज्ञान. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्ह्याची स्थानिक समिती असते, जिल्हाधिकारी त्यात असतात, तिथून कायदेशीर पालकत्व घ्यावं लागतं. अर्ज करून झालाय. त्या दिवसापासून आई रात्री झोपते. थेरपीत कागदपत्रं निघतील असं वाटलं नव्हतं.

खर्डेघाशी

धाकटीने विषय काढलाच आहे तर कागदांचं पटकन लिहितो, कारण लोक व्यनिवर (खाजगी निरोपात) तेच विचारतात.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. ऑटिझम आहे, लर्निंग डिसॅबिलिटी आहे, एडीएचडी नाही. नुसत्या एडीएचडीवर यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) मिळत नाही, हेलपाटे घालू नका. बरेचसे लाभ ४० टक्के आणि वर. ऑटिझमसाठी आयएसएए नावाची ४० मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी वापरतात. प्रमाणपत्र असेल तर आयकराच्या जुन्या करप्रणालीत (कलमांचे आकडे १९६१ च्या कायद्यातले) ८०यू (स्वतःसाठी) किंवा ८०डीडी (अवलंबितासाठी) खाली ७५,००० ची वजावट, तीव्र असेल तर १,२५,०००. नॅशनल ट्रस्टची निरामय विमा योजना १ लाखापर्यंत, त्यात नियमित थेरपीचाही समावेश आहे. पण एडीएचडी तिथेही नाही.

पैसे हाच प्रश्न असेल तर पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत मानसोपचार ओपीडी केसपेपरच्या किरकोळ पैशांत असते. रांग मोठी, वेळ कमी, पण निदान आणि औषधं होतात. रात्री-बेरात्री कोणी हवं असेल तर १४४१६, टेलि-मानस, फुकट, मराठीत बोलतात.

एडीएचडीच्या गोळीबद्दलही: मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये (कडक नियंत्रणाखालच्या औषधांच्या यादीत) येतं. कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे नसतं, जिथे असतं तिथे चिठ्ठीची प्रत ठेवून घेतात. घाबरू नका, तुम्हाला चोर समजत नाहीयेत. ऑटिझमवर मात्र गोळी नाही. चिंता, झोप, चिडचिड यांवर असते. कोणी 'बरा करून देतो' म्हणालं तर पाकीट आत ठेवा.

मुलुंडकरीण

अगदी! विसराळूपणाच्या औषधासाठी दोन प्रतींतली चिठ्ठी जपून ठेवायची. ज्याने हा नियम केला त्याला साष्टांग.

तिरपागडा

एक राहिलं. मी ऑटिस्टिक आहे आणि गे आहे. ऑटिस्टिक लोकांत आमच्यासारखे जास्त आढळतात असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, त्यामुळे मी काही अपवाद नाही. पण मुंबईत मला दोन प्रकारचे थेरपिस्ट भेटले. एकाला ऑटिझम कळायचा आणि तो म्हणायचा, "हे तुझं गे असणं म्हणजे एखादं फिक्सेशन, एकाच गोष्टीचं वेड असेल." दुसरीला गे असणं छान कळायचं, पण मी पार्टीला जात नाही म्हणून मी अजून 'स्वतःला स्वीकारलेलं नाही' असा तिचा निष्कर्ष. बाई, तिथे म्युझिक मोठं असतं!

२०२२ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने 'कन्व्हर्जन थेरपी' हे गैरवर्तन ठरवलंय, म्हणजे कोणी डॉक्टर बदलून देतो म्हणाला तर तक्रार करता येते. तिसरा मिळाला तो माझ्याच जोडीदाराने शोधला. आता आम्ही दोघं मिळून जातो. आमचं भांडण ओट्यावरून नाही, अचानक घरी आणलेल्या पाहुण्यांवरून आहे. तोडगा: २४ तास आधी मेसेज, आणि पाहुणे आले तरी बेडरूमचं दार लावून घ्यायची मला मुभा. त्याची आई म्हणते माणूसघाणा आहे. असो.

गिरगावकर

दोन दिवस लिहिलं नाही, विचार करत होतो.

स्लोलोकल, तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर. लग्न नाही झालं. गिरणीत लागले होते, ८२ च्या संपानंतर पुन्हा कुठे टिकले नाहीत, मुलाखतीत बोलता यायचं नाही. वडील गेल्यावर भावाने खोली घेतली आणि काका गॅलरीत झोपायला लागले. वहिनी ताट झाकून ठेवायची. कोणी वाईट वागलं नाही. पण मी आठवून पाहिलं, त्यांच्याशी गाड्यांच्या वेळा सोडून दुसरं काही कोणी कधी बोललं का? तर नाही. आणि गाड्यांच्या वेळाही आम्ही मजा म्हणून विचारायचो. ते मात्र दर वेळी नीट, पूर्ण उत्तर द्यायचे.

शेवटी चाळ पाडायला घेतली तेव्हा त्यांची पायरी गेली. त्यानंतर सहा-आठ महिनेच होते.

चाळीने सांभाळलं असं मी वर लिहिलंय. ते राहू दे तसंच, खोडत नाही.

स्लोलोकल

काका, थँक्यू. मला विरार-चर्चगेट सगळं पाठ आहे. १५ डब्यांच्या गाड्या वेगळ्या रंगाने लिहिल्या आहेत.

गिरगावकर

सकाळची ७ नंतरची पहिली फास्ट किती वाजता? मजा म्हणून नाही विचारत, शनिवारी विरारहून येणाऱ्या पाहुण्यांना आणायचंय.

स्लोलोकल

व्यनि केलाय. शनिवारचं आणि रविवारचं वेगळं आहे.

मुलुंडकरीण

वृत्तान्त द्यायला आले. काल कुटुंबाचं सेशन झालं.

सासूबाईंना तयार करायला काहीच करावं लागलं नाही. चाफाताईंनी व्यनिमध्ये सुचवलं होतं की 'निदान', 'थेरपी' हे शब्द सोडा आणि त्यांना म्हणा, नातीबद्दल तुमच्याइतकं कोणाला माहीत नाही, ते सांगायला चला. आल्या की लगेच, इरकल नेसून.

चारजण म्हणून या वेळी मोठी खोली होती, आम्हीही ती पहिल्यांदाच बघत होतो. सासूबाई पहिली दहा मिनिटं ओठ मिटून बसल्या. मी मनात म्हटलं, संपलं. थेरपिस्टनी विचारलं, "आजी, तुम्हाला काही सांगायचंय?" तर म्हणाल्या, "आधी तो एसी बंद करा. मघापासून कुरकुर करतोय, तुमचं एक अक्षर माझ्या कानात शिरत नाहीये."

मला एसीचा आवाज येतच नव्हता. नवरा आणि लेक एका सुरात म्हणाले, "हो ना!"

मग त्या बोलायला लागल्या. ब्लाउजची लेबलं लग्नाआधीपासून कापतात. माहेरच्या लग्नांत मागच्या खोलीत जाऊन बसायच्या, सगळे म्हणायचे शिष्ट आहे. सासरे रोज ६ वाजून १० मिनिटांनी यायचे आणि ६ वाजून ११ मिनिटांनी चहा लागायचा, "म्हणून तर आमचं जमलं." नवरा आईकडे असा बघत होता, जशी ती त्याला आजच भेटली. थेरपिस्टनी कुठलंही नाव दिलं नाही, कसला अंदाजही बोलून दाखवला नाही. फक्त म्हणाल्या, पुढच्या वेळी आजींनाही तो फॉर्म पाठवते.

फॉर्म आलाय. चष्मा सापडत नाहीये त्यामुळे मी वाचून दाखवतेय. पहिल्याच प्रश्नावर अडलोय, कारण त्यांना ट्यूबलाइटबद्दल बरंच काही सांगायचंय.

पिल्लूची आई

मिक्सर!!! पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं होतंत की तुम्ही.

मुलुंडकरीण

हो. आणि ११ वर्षं मी तीन मिक्सर बदलून त्यांना दाखवले.

गिरगावकर

पाट्यावरच्या चटणीची कृती वेगळ्या धाग्यात टाका. प्रमाणासकट. आजींना विचारून.